जुन्या सॉफ्टवेअरमधून लेझरवर बारकोड येईना, नुसते स्टार छापायलेत

वाळूज_चलनवाला
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस पार्टचं वर्कशॉप आहे, ऑफिस अन् डिस्पॅच दोन्ही माझ्याच गळ्यात. चलनाचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमधलं (जुनी डेटाबेसची भाषा), डॉसवालं, ज्यानं करून दिलं तो पुण्याला गेला अन् आता फोन उचलत नाही. आता कस्टमरनं फर्मान काढलंय की एक तारखेपासून चलन नंबर अन् पार्ट नंबर कोड ३९ बारकोडमध्ये पाहिजे, नाहीतर गाडी गेटवरच उभी.

मी लिब्रे बारकोड ३९ नावाचा फुकट फॉन्ट विंडोजमध्ये टाकला, एक्सेलमध्ये नंबरच्या मागंपुढं स्टार लावून प्रिंट काढली तर झकास आली, मोबाईलनं स्कॅन पण झाली. पण तेच फॉक्सप्रोतून दिलं की स्टारसकट साधी अक्षरं येतात. फॉन्ट चार वेळा काढून पुन्हा टाकला, मशीन रिस्टार्ट केलं, काही फरक नाही. प्रिंटर एचपीचा जुना नेटवर्क लेझर आहे, सेटिंगच्या पानावर पीसीएल ५ (प्रिंटरला हुकूम द्यायची भाषा) लिहिलंय. दुकानदार म्हणतो प्रिंटरमध्येच बारकोडची चिप बसवा, अन् तिची किंमत ऐकून मालक म्हणाले त्यात दुसरा सेकंडहँड प्रिंटर येईल. खरंच चिप लागते का हो?

लातूरचा_पोरगा
चिप लागेलच असं नाही, पण दुकानदार सगळंच खोटं बोलत नाहीये. एक्सेलमधून प्रिंट देता तेव्हा पान विंडोज तयार करतं अन् ड्रायव्हर अक्षरांचे आकार सोबत बांधून प्रिंटरला पाठवतो. फॉक्सप्रो तसं काही करत नाही, ते एलपीटीवर, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टवर, नुसती अक्षरं ढकलतं अन् प्रिंटर ती त्याच्या पोटातल्या कुरिअर फॉन्टमध्ये छापतो. आचाऱ्याला नुसती यादी दिली तर तो त्याच्याकडच्याच मसाल्यात करणार ना. तुमचा फॉन्ट विंडोजमध्ये आहे अन् विंडोज त्या वाटेवर नाहीच, मग चार काय चाळीस वेळा टाका.

म्हणून फॉन्ट प्रिंटरच्या मेमरीत गेला पाहिजे. त्याला सॉफ्ट फॉन्ट म्हणतात, पण विंडोजच्या फॉन्टची टीटीएफ फाईल तशीच पाठवून चालत नाही, पीसीएलच्या साच्यातली फाईल लागते, बारकोड फॉन्ट विकणारे बरेच जण सोबत देतात. आधी एस्केप (म्हणजे सीएचआर २७) स्टार सी १०० डी पाठवायचं म्हणजे फॉन्टला १०० नंबर पडतो, मग फाईल, मग एस्केप स्टार सी ५ एफ म्हणजे तो परमनंट होतो. फाईल पाठवताना कॉपीला स्लॅश बी लावा नाहीतर मध्येच तुटू शकते. फॉक्सप्रोत तीन प्रश्नचिन्हं लिहून दिलेला मजकूर सरळ प्रिंटरला जातो, तिथं सीएचआर २७, त्याला चिकटून उघडा कंस, १०० अन् मोठा एक्स दिलं की बारकोड फॉन्ट चालू. बारकोड झाला की पुन्हा सीएचआर २७, उघडा कंस, ३ अन् ॲट द्या, म्हणजे नेहमीचा फॉन्ट परत येतो, हे विसरलात तर अख्खं चलन उभ्या रेघांमध्ये निघंल.

परभणी_टोनर
वर दादांनी परमनंट म्हणलंय त्यावर जाऊ नका. ते परमनंट म्हणजे प्रिंटर रिसेट झाला तरी टिकतो एवढंच, बटन बंद केलं की गेला. आमच्याकडं उन्हाळ्यात दिवसातून तीनदा लाईट जायची अन् दर वेळेस चलनावर पुन्हा स्टार, पोरगं पळत यायचं की सर फॉन्ट पळाला. शेवटी फॉन्ट पाठवायची बॅच फाईल करून डेस्कटॉपवर ठेवली, लाईट आली की पहिले त्यावर डबल क्लिक. चिपचा फायदा तेवढाच की फॉन्ट तिच्यात कायमचा राहतो.

जालना_बियाणं
मग प्रिंटरला यूपीएस लावा की, विषय संपला.

परभणी_टोनर
लेझरला? आत हीटर असतो मालक, तो तापताना करंट असा ओढतो की कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस ओरडत बसतो नाहीतर सरळ बंद पडतो. तो प्रयोग झालाय आमचा.

नांदेड_जुनाकोडर
एवढा खटाटोप कशाला करायलात? पीसीएल ५ आहे ना, मग फॉन्टच नको, रेघा ओढा. पीसीएलला काळा आयत भरता येतो. एस्केप स्टार सी ३ ए १५० बी ० पी एवढं पाठवलं की ३ ठिपके रुंद अन् १५० ठिपके उंच काळी पट्टी येते (शेवटचा पी मोठा, ए अन् बी छोटे). इथं इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे पट्टी पाव मिलिमीटर रुंद, अर्धा इंच उंच. पट्टी भरली तरी कर्सर जागचा हलत नाही, तो एस्केप स्टार पी, अधिकचं चिन्ह, ठिपक्यांचा आकडा अन् मोठा एक्स देऊन तुम्हीच सरकवायचा. माझी पहिल्या दिवशी इथंच फसगत झाली, सगळ्या पट्ट्या एकावर एक बसून एकच जाड रेघ आली अन् मी टोनरला शिव्या देत बसलो.

कोड ३९ सोपा आहे, एका अक्षराला ९ भाग, ५ काळे ४ पांढरे, त्यातले ३ जाड, म्हणून तर नाव थ्री ऑफ नाईन. अक्षरं ४३ अन् स्टार धरून ४४, म्हणजे ४४ ओळींचा तक्ता अन् एक छोटं फंक्शन. जाड पट्टी बारकीच्या तिप्पट धरा, दोन अक्षरांमध्ये एका बारीक पट्टीएवढी फट सोडा. एक अक्षर साधारण ४ मिलिमीटर होतं, तुमचा दहा अक्षरी नंबर दोन स्टार धरून ४९ मिलिमीटरच्या आत बसतो. लाईट जाऊ द्या नाहीतर प्रिंटर बदला, पीसीएल ५ असला की झालं. फक्त कुणी कॅनॉन एलबीपी २९०० नाहीतर एचपी १०२० जोडला तर यातलं काहीच चालणार नाही, त्यांना पीसीएल कळतच नाही, त्यांचं पान कॉम्प्युटरच तयार करून देतो.

जालना_बियाणं
बारकोड आला तरी एक बघा, टोनर वाचवायचा मोड बंद करा. आमच्या बियाण्याच्या लॉट स्लिपा मोबाईलवर स्कॅन व्हायच्या अन् गोडाऊनच्या लेझर स्कॅनरवर नाही, चार दिवस स्कॅनर बदला म्हणून भांडलो, शेवटी निघालं काय तर पट्ट्या काळ्याच नव्हत्या, राखाडी होत्या. मोबाईल भागवून घेतो, गेटवरचा स्कॅनर घेत नाही. अन् डाव्या-उजव्या बाजूला पाव इंच कोरं सोडा, चलनाची चौकट बारकोडला चिकटली की वाचत नाही. पार्ट नंबर मोठ्या लिपीतच टाका, कोड ३९ मध्ये छोटी एबीसीडी नाहीच.

सेलू_झेरॉक्स
मधीच एक विचारतो, असाच मराठी फॉन्ट टाकता येईल का प्रिंटरमध्ये? पावतीवर दुकानाचं नाव मराठीत पाहिजे.

नांदेड_जुनाकोडर
फॉन्ट जाईल पण जोडाक्षरं कोण जोडणार? वेलांटी अक्षराच्या आधी छापायची, रफार पुढच्याच्या डोक्यावर न्यायचा, हे पीसीएल प्रिंटर करत नाही, त्याला एकामागं एक आकार छापणं एवढंच येतं. डॉसच्या काळात त्याचसाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिप्यांसाठीचं) कॉम्प्युटरात बसवायचे. नुसतं नाव पाहिजे तर चित्र करून पाठवा.

वाळूज_चलनवाला
मंडळी, नांदेडच्या सरांचं ऐकलं. तक्ता टाईप करण्यात दोन रात्री गेल्या, बायको म्हणली रात्री दोनला काळं-पांढरं काय पुटपुटायलात. एक ओळ चुकली होती, ७ अन् ९ ची अदलाबदल, तेवढी सापडायला अर्धा दिवस गेला. नोटपॅड उघडून त्यात स्कॅन करत बसलो तेव्हा दिसली. काल पहिली गाडी गेली, गेटवर एका झटक्यात वाचलं. टोनरचा मोड पण चालूच होता, बंद केला, मालक बघायलेत की कार्ट्रिज आता किती दिवस पुरतं.

आता नवीन भानगड. कस्टमर म्हणतो पार्ट नंबर १८ अक्षरी होणार अन् दोन्ही बारकोड एकाच ओळीत पाहिजेत. माझ्या हिशोबानं एकटा तोच ८१ मिलिमीटरला जातो, चलनाच्या रकान्यात मावत नाही. बारीक पट्टी २ ठिपक्यांची केली तर गेटवरचा स्कॅनर घेईल का, का आता कोड १२८ (कमी जागेत बसणारा दुसरा बारकोड) शिकायचा?

नांदेड_जुनाकोडर
२ ठिपक्यांची एक प्रिंट काढून ड्रायव्हरजवळ द्या अन् गेटवर वाचून बघायला सांगा, खर्च एका कागदाचा. नाही वाचली तर कोड १२८, पण त्यात १०३ नं भागून उरलेल्या बाकीचा चेक आकडा काढावा लागतो. रविवारी निवांत लिहितो.