ड्रॅगन क्वेस्ट: तेच ते, की आपल्या जागी ठाम?

पिक्सेलवाला
ड्रॅगन क्वेस्ट या जपानी व्हिडिओ गेम मालिकेचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "त्यात काही बदलत नाही." पहिला भाग २७ मे १९८६ ला फॅमिकॉमवर (निन्टेंडोचं टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र) आला. लेखन-रचना युजी होरी, चित्रं अकिरा तोरियामा, संगीत कोइची सुगियामा. हल्ला, मंत्र, बचाव यांतून निवडायचं आणि आपली पाळी खेळायची, ही चौकट मुख्य मालिकेत बराच काळ टिकली. माझ्या मते होरींनी ती जाणूनबुजून राखली, म्हणूनच आत वाटेल ते धाडस करता आलं.

चौथा भाग (१९९०) बघा. तिसऱ्या प्रकरणात आपण तोर्नेको, शस्त्रांच्या दुकानातला नोकर. सकाळी बायकोच्या हातचा डबा घेऊन निघायचं, गल्ल्यावर उभं राहून गिऱ्हाइकांना तलवारी विकायच्या, संध्याकाळी मजुरी घेऊन घरी. पाचव्यात (१९९२) वडील डोळ्यांदेखत मारले जातात, पुढे कित्येक वर्षं गुलामी, मग लग्न, मुलं. आणि कळतं की भाकितातला वीर आपण नव्हेच, आपला मुलगा आहे! लढायचं कसं हे हातात बसलेलं असतं, म्हणून सगळं लक्ष या माणसांकडे जातं.

कोरी_पाटी
अजिबात पटलं नाही. फायनल फँटसी ही दुसरी जपानी गेम मालिका १९८७ ची. तिने जवळपास दर भागात लढाईची पद्धत बदलून पाहिली, १९९७ मध्ये सातवा भाग प्लेस्टेशनच्या सीडीवर नेला आणि जग जिंकलं. तुमचा लाडका पाचवा भाग अधिकृतपणे इंग्रजीत यायला २००९ उजाडलं, सहाव्याला २०११. सातव्यात (२०००) पहिली लढाई येईपर्यंत तासन् तास नुसतं हिंडायचं. अकरावा (२०१७) दिसायला देखणा, पण संगीत सिंथेसायझरचं. वाद्यवृंद ऐकायला २०१९ च्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. याला ठामपणा नाही, सुस्ती म्हणतात.

रात्रपाळी
इंग्रजी आवृत्ती उशिरा आली हा धंद्याचा निर्णय, त्याचं खापर रचनेवर का? आणि "बदलत नाही" हेच मुळात चूक आहे. पहिल्या भागात पात्रं कायम आपल्याकडे तोंड करून उभी. कुणाशी बोलायचं तर मेन्यू उघडा, "बोला" निवडा, मग उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम यांतली दिशा सांगा. डाव पुढे चालू ठेवायला राजाने दिलेला २० अक्षरांचा मंत्र, म्हणजे पासवर्ड, वहीत उतरवायचा. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की मेहनत पाण्यात. तिसऱ्यात (१९८८) खेळाच्या कार्ट्रिजमध्ये डाव जपून ठेवणारी बॅटरी आली आणि हा जाच संपला. जे जे खेळणाऱ्याच्या वाटेत येत होतं ते होरी काढत गेले.

कोरी_पाटी
सोयी वाढल्या, कबूल. लढाईचं बोला. चौथ्याच्या शेवटच्या प्रकरणात साथीदार आपल्या मनाने लढायचे. क्लिफ्ट नावाचा पुजारी मोठ्या शत्रूंवर मरणमंत्र फेकत राहायचा, आणि तो त्यांना लागतच नसे! पाचव्यात लगाम पुन्हा खेळणाऱ्याकडे. २००६ च्या अखेरीस नववा भाग थेट बटणं दाबून लढण्याचा म्हणून दाखवला, चाहत्यांनी ओरड केली, आणि २००९ मध्ये तो पाळीपाळीचा होऊन आला. म्हणजे चौकट होरींनी नाही, जुन्या चाहत्यांनी धरून ठेवली आहे.

पिक्सेलवाला
चाहत्यांच्याच मुठीत असते तर २०१२ चा दहावा भाग पूर्ण ऑनलाइन झाला असता का? आणि नवव्याचं अर्धंच सांगितलंत. लढाई जुनी ठेवून त्यांनी नवेपणा भलतीकडेच आणला: दोघांच्या खिशातले डीएस (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र) जवळून गेले की खजिन्याचे नकाशे आपोआप इकडून तिकडे जात. टोकियोच्या अकिहाबारा भागात अनोळखी लोक त्यासाठी गर्दी करत. टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन सुरू झालं तेही याच मालिकेच्या सुरावटीवर. सुस्त मालिकेला हा मान मिळत नाही.

कोरी_पाटी
मान वेगळा, खेळ वेगळा. नकाशेही लढाईबाहेरचेच. तिसऱ्या भागाच्या २०२४ च्या नव्या आवृत्तीतसुद्धा लढाईचा सांगाडा १९८८ चाच आहे. सुगियामा २०२१ मध्ये गेले, तोरियामा २०२४ मध्ये. तिघांतले होरी उरले. त्यांनी २०२१ मध्ये बारावा भाग जाहीर करताना पर्याय निवडून लढायची पद्धत बदलणार असं स्वतःच सांगितलं. ज्यांनी चौकट घातली त्यांनाच ती बदलावीशी वाटते, तर तुम्ही तिच्यावर पहारा का देताय?