दुधी बोटभर होतो आणि गळतो. खत कमी पडतंय का?

गच्चीवाली:
रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात दुधी लावलाय. महिनाभर नुसती नर फुलं आली, आता मादीही येतात. ती मला ओळखता येतात, फुलाखाली लव असलेला बारका दुधी आधीच असतो. पण चार-पाच दिवसांत तो पिवळा पडून गळतो. आतापर्यंत नऊ गेले, मोजलेत! लाल भोपळ्याचा व्हिडिओ बघून हातानं परागणही केलं. सकाळी सातला, चहाच्या आधी वर जाते, नर फुलाच्या पाकळ्या काढते आणि मधला दांडा मादी फुलात टेकवते. सासूबाई म्हणतात, वेल वांझ आहे, उपट.

बांधावरचा:
ताई, खत राहू द्या, उगाच पानं माजतील. वेळ चुकतेय तुमची. लाल भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी, रात्रीच्या पतंगांसाठी. सातला ते मान टाकायला लागलेलं असतं. दिवेलागणीला जा.

निवृत्त मास्तर:
बरोबर. तो बारका दुधी म्हणजे फुलाचा अंडाशय. जास्वंदीत तो फुलाच्या बुडाशी झाकलेला असतो, पोरांना ब्लेडनं चिरून दाखवावा लागे. इथे पाकळ्यांच्या खाली उघडाच. आत बीजांडं असतात, त्यांच्याच पुढे बिया होतात. परागकण कुक्षीवर, म्हणजे मादी फुलाच्या मधल्या टोकावर रुजतो, त्यातून नळी निघते आणि कुक्षीवृंतातून, म्हणजे त्या टोकाखालच्या दांड्यातून उतरून बीजांड गाठते. एका बीजांडाला एक परागकण, म्हणजे दुधीत जितक्या बिया, निदान तितके कण पोचायला हवेत. मादी फुलात मधोमध कुक्षीचे तीन जाड भाग दिसतील, तिन्हींना नीट चोळा. एकीकडेच लागलं तर दुधी वाकडा होतो. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरा, कंजुषी नको.

बांधावरचा:
सगळी नर फुलं संपवू नका म्हणजे झालं. आमच्याकडे लाल भोपळ्याच्या नर फुलांची भजी करतात, तेव्हाही चार वेलावर सोडतात.

गच्चीवाली:
पावणेसातला टॉर्च घेऊन गेले. बोटाला पूड लागली! सकाळी कधीच लागली नव्हती. तीन फुलांना चोळलं, देठांना लाल दोरे बांधले.

आज आठवा दिवस. एकाला फळमाशीनं टोचलं, गेला. दोन धरलेत, मोठा वीतभर झालाय. सासूबाई वांझ म्हणायच्या थांबल्यात. कुठला दोरा कोणत्या दिवशीचा ते आता त्याच सांगतात.