स्पेस गेममध्ये वेढा पडल्यावर बचाव करणाऱ्याला नेमकी किती ताकद द्यायची?

स्टेशनमास्तर
आम्ही तिघं मित्र मिळून मल्टिप्लेअर स्पेस कॉम्बॅट गेम बनवतोय, लढाई ३० विरुद्ध ३० पर्यंत नीट चालते, पण गाडी वेढ्यावर अडलीये. स्टेशनचा एचपी (किती मार सोसेल तो आकडा) वाढवला की हल्ला करणारे कंटाळून लॉगआउट होतात, कमी केला की पहाटे चारला कोणीतरी येऊन उडवून जातं आणि मालक उठून बघतो तर सगळं साफ. टरेट (स्टेशनवरच्या तोफा) तगडे केले तर बचाववाले येतच नाहीत, टरेटच सगळं काम करतात. ईव्ह ऑनलाइन, म्हणजे हजारो खेळाडूंचा तो मोठा स्पेस गेम, खेळलेले कोणी आहेत का इथे, तिकडचं काय घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये?

रात्रपाळी
एचपीच्या मागे लागूच नका, ते तिकडे करून झालंय. २००९ च्या डॉमिनियन अपडेटनंतर सिस्टम (एका ताऱ्याभोवतीचा इलाखा) ताब्यात घ्यायची म्हणजे प्रचंड एचपीवर तासन् तास गोळ्या झाडत बसायचं, लढाई नाहीच. मग २०१५ मध्ये एन्टोसिस लिंक (जहाजावरून ताबा मिळवायचं यंत्र) आणली, डॅमेजची गरजच काढून टाकली, तर लोक स्वस्तातली पळपुटी जहाजं घेऊन सगळीकडे नुसते टोचत फिरायला लागले, कारण हरलं तरी त्यांचं काही जात नव्हतं. २०१६ च्या सिटाडेल अपडेटमध्ये आलेल्या स्टेशनांचा डॅमेज कॅप, म्हणजे सेकंदाला लागू होणाऱ्या डॅमेजची मर्यादा, मात्र जरूर घ्या. अ‍ॅस्ट्राहस नावाच्या स्टेशनला सेकंदाला ५,००० च्या वर डॅमेज लागूच होत नाही, त्यामुळे तुम्ही ५०० जहाजं आणा नाहीतर १०००, एक थर (शील्ड, आर्मर किंवा हल, म्हणजे कवच, चिलखत किंवा सांगाडा) उतरवायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतोच, तेवढ्यात बचाववाल्यांना माणसं गोळा करता येतात. आणि मारा थांबला की रिपेअरचा टायमर सुरू होतो, तो संपला की सगळं परत भरतं. म्हणजे बचाववाल्याला समोरचा फ्लीट (जहाजांचा ताफा) पूर्ण मारायची गरज नाही, थोडा वेळ हुसकावून लावला तरी चालतं. छोट्या गटाला जिंकायची वाट ठेवायची ती अशी.

कोअरड्रॉप
कॅपचं पटलं, पण दोन फेऱ्यांमधल्या टायमरबद्दल माझं मत वेगळं आहे. तिकडे एक थर उतरल्यावर पुढचा थर हल्ल्यासाठी कधी उघडणार तो तास बचाववाला निवडतो. घड्याळ यूटीसीचं (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), समोरच्या युरोपवाल्यांनी २० चा तास ठेवला की आपल्याकडे रात्रीचा दीड, दुसऱ्या दिवशी ऑफिस असणाऱ्याने काय करायचं? शील्ड, आर्मर, हल अशा तीन फेऱ्या हल्लेखोराने मारायच्या आणि बचाववाल्याने त्यातली एक जिंकली की झालं. एवढं करून मिळायचं काय, तर बहुतेक ठिकाणी माल अ‍ॅसेट सेफ्टीत (फुटलेल्या स्टेशनमधला माल मालकाला परत देणारी सोय) सुरक्षित निघून जायचा. २०२० मध्ये क्वांटम कोअर (स्टेशन फुटल्यावर बाहेर पडणारा महागडा भाग) आणला तेव्हा कुठे स्टेशन फुटल्यावर हाताला काहीतरी लागायला लागलं. तुमच्याकडे दोनच फेऱ्या ठेवा, आणि तास निवडायला दिला तर हल्लेखोरालाही तो थोडा मागेपुढे सरकवता आला पाहिजे. इंधन संपलेल्या स्टेशनला टायमर देऊच नका, ईव्हमध्ये सात दिवस इंधन नसलं की ते बेवारस धरतात आणि एका दमात पाडता येतं, हा नियम मला फार आवडतो.

स्टेशनमास्तर
टरेटचं काय करू मग? आणि सर्व्हरची धास्ती आहे, सगळे एकदम एकाच स्टेशनवर आले तर?

रात्रपाळी
टरेट आपोआप चालूच देऊ नका, आत माणूस बसलेला असेल तरच चालावेत. सिटाडेलमध्ये तसंच आहे, गनर लागतो, मग बचाववाल्यातला एक तरी हजर राहतोच. सर्व्हरचं म्हणाल तर ईव्हमध्ये टाइम डायलेशन आहे, गर्दी झाली की गेमचा वेग पार १० टक्क्यांपर्यंत खाली येतो, २०१४ ची बी-आर५आरबी या सिस्टममधली लढाई तशीच २० तासांच्या वर चालली आणि ७५ टायटन (सगळ्यात मोठी जहाजं) गेले. तुमच्या ३० विरुद्ध ३० च्या गेमला ते नको. एकाच्या ऐवजी दोन-तीन टार्गेट द्या, शील्ड जनरेटर एकीकडे, डॉक (जहाजं लावायची जागा) दुसरीकडे, म्हणजे हल्लेखोराला फ्लीट फोडावाच लागतो आणि दहा जणांचा चांगला गटही एका कोपऱ्यात पुरून उरतो. मात्र ती टार्गेटं एकमेकांपासून इतकी लांब ठेवू नका की अर्धा वेळ नुसता प्रवासात जाईल, आधी एका मिनिटाचं अंतर ठेवून खेळून बघा आणि मग वाढवा.