टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्सच्या रेकॉर्डचा घोळ: यूकेतल्या (आणि परत गेलेल्या) मंडळींनो, तुमचे अनुभव लिहा

वाईकर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं डोक्यात होतं. गणपतीत चार घरी आरतीला गेलो तर दोन घरी हाच विषय निघाला, म्हणजे मी एकटा नाहीये. ज्यांच्या नॅशनल इन्शुरन्स नंबरात (पगारातून कापल्या जाणाऱ्या इन्शुरन्सची आणि त्यावरच्या सरकारी पेन्शनची नोंद ज्या नंबरावर होते तो), नावात, नोकरीच्या नोंदीत काही गडबड झाली आणि ती निस्तरावी लागली, त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. काय झालं, कसं कळलं, कुठला कागद कामी आला. नंबर, पत्ते, कंपन्यांची नावं मात्र इथे टाकू नका.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी २००८ ला आलो. नाव-आडनाव असं की कॉलेजात आमच्या वर्गातच त्या नावाचे तिघं होतो. आणि जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीतल्या गावाकडच्या लोकांना हे सांगायला नको, शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकली, आई सांगते की खरा जन्म नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा. पण शाळेचा दाखला, त्यावरून दहावीचं सर्टिफिकेट, त्यावरून पासपोर्ट, आणि पासपोर्टवरून इथलं सगळं. तर नोव्हेंबर २०२१ ची पेस्लिप उघडली आणि टॅक्सच्या जागी ४९० च्या आसपास असायचे तिथे सरळ ७०० पौंड. पगार ३५०० च, त्यात काही बदल नाही. टॅक्स कोड (किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा) बघितला तर नेहमीचा १२५७एल जाऊन बीआर आणि पुढे एम१ (म्हणजे प्रत्येक महिन्याचा हिशेब सुटा). बीआर म्हणजे तुमची १२,५७० ची करमाफ रक्कम दुसऱ्या नोकरीला वापरली असं धरून इथल्या पूर्ण पगारावर २० टक्के. पण दुसरी नोकरी कुठली? टॅक्स खात्याच्या साइटवरचं माझं पर्सनल टॅक्स अकाउंट उघडलं तर माझ्या कंपनीच्या खाली अजून एक, लेस्टरकडचं एक गोदाम, जूनपासून सुरू. मी लेस्टरला आयुष्यात एकदा गेलोय, तेही लग्नाला.

टॅक्स खात्याला फोन केला तर सिक्युरिटीच्या प्रश्नातच अडकलो. पत्ता विचारला, मी माझा सांगितला, बाई म्हणाल्या जुळत नाही. कारण रेकॉर्डवर पत्ताच बदलून बसला होता, त्या दुसऱ्या माणसाचा. कोड बदलल्याचं पत्रही तिकडेच गेलं असणार, मला कधी आलंच नाही. पुढच्या वर्षी हिशेबाचा कागद मात्र माझ्या पत्त्यावर आला आणि त्यात त्याचा पगार माझ्यात मिळवून मलाच दोन हजारांच्या वर बाकी दाखवली. त्या रात्री मी आणि बायको स्वयंपाकघरात ते खाकी पाकीट मध्ये ठेवून नुसते बसून राहिलो होतो.

शेवटी काय चाललं ते सांगतो. फोनवर गोष्ट सांगणं सोडलं आणि एक तक्ता केला. २००८ पासून प्रत्येक वर्ष एक ओळ, कुठे काम केलं, कधीपासून कधीपर्यंत, पी६० वरची (कंपनी देते त्या वर्षाच्या पगार-टॅक्सच्या दाखल्यावरची) रक्कम, कुठे राहत होतो. माझ्या नोकऱ्या हिरव्या, जी माझी नाही ती लाल, आणि लालच्या पुढे एकच वाक्य, इथे मी कधीही काम केलेलं नाही, त्या महिन्यांच्या माझ्या स्वतःच्या पेस्लिपा सोबत जोडल्यात. पासपोर्टची झेरॉक्स, काउन्सिल टॅक्सची बिलं, आणि पत्राच्या पहिल्या ओळीत "ही दोन वेगळी माणसं आहेत आणि त्यांची नोंद एकत्र झाली आहे" असं स्पष्ट. पोस्टाने साइन फॉर करून (पोचल्याची सही घेतात तसं) पाठवलं. अकरा महिने लागले, पण सुटलं, पैसेही आले.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. एका वर्षाच्या नोकरीचं पेन्शनला एकच वर्ष धरतात, दोन नोकऱ्या असल्या तरी. म्हणजे त्याचा इन्शुरन्स माझ्या नंबरावर जमा झाला त्याचा मला कणभर फायदा नाही, पण त्याचं ते वर्ष गेलं. मी बोंब मारली म्हणून माझं निस्तरलं. त्याला कळलं तरी असेल का?

कोथरूड_क्रॉयडन:
दादा, अगदी पोटतिडकीने लिहिलंय. माझं उलट आहे, एका बाईचे दोन नंबर. मी २००५ ला स्टुडंट म्हणून आले तेव्हा माहेरचं नाव, जॉबसेंटरला इंटरव्ह्यू देऊन नंबर मिळाला, एक दुकान आणि एक केअर होम मिळून दोन वर्षं काम केलं आणि परत गेले. लग्न झालं, आमच्याकडे पहिलं नावही बदललं, तांदळात लिहिलं ते पासपोर्टवरही गेलं. २०१३ ला नवऱ्याबरोबर परत आले तेव्हा पासपोर्टवर नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही नवी. मला खरंच वाटलं की तो जुना नंबर जुन्या नावाचा होता, आता नवा काढायचा, परत इंटरव्ह्यू दिला आणि नवा मिळाला. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. इथल्या लोकांना लग्नात आडनाव बदलतं हे माहिती असतं, सगळंच बदलतं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

मैत्रिणींनो, नंबर जन्मभर एकच असतो, नाव बदललं, व्हिसा बदलला, दहा वर्षं देशाबाहेर राहिलात तरी तोच. फक्त नवीन नाव कळवायचं. मला हे कळलं पेन्शन फोरकास्ट (आजवर किती वर्षं भरली आणि किती पेन्शन मिळेल याचा सरकारी अंदाज) काढल्यावर, त्यात २००५ ते २००७ ची नोंदच नाही. मग लग्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, नाव बदलल्याचं गॅझेट, जुना पासपोर्ट (कोपरा कापलेला, आईने जपून ठेवला होता म्हणून वाचले) आणि जुन्या विद्यापीठाचं पत्र एवढं सगळं पाठवलं. आता दोन्ही जोडलेत आणि पहिला नंबरच कायम ठेवलाय. तो मी लगेच ऑफिसात कळवला, नाहीतर परत सुरू.

पेरोलवाली:
मी इथे पेरोलमध्ये (कंपनीच्या पगार विभागात) १७ वर्षं आहे, दुसऱ्या बाजूने कसं घडतं ते सांगते. २०१३ पासून दर पगाराला कंपनीला टॅक्स खात्याकडे माहिती ऑनलाइन पाठवावी लागते, नाव, जन्मतारीख, पत्ता, नंबर, पगार, टॅक्स. नवीन माणूस आला आणि त्याच्याकडे नंबर अजून आलेला नसेल तर पगार थांबवता येत नाही, आम्ही नंबराशिवाय पाठवतो. मग तिकडे नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता यावरून माणूस शोधला जातो. आता विचार करा, पाटील, शिंदे, जाधव, आणि तारीख १ जून. वाईकरांचं तसंच झालं असणार असं मला वाटतं.

दुसरा प्रकार मी दर वर्षी बघते. कंपनीने सॉफ्टवेअर बदललं किंवा तुमचा पेरोल नंबर बदलला आणि ते नीट कळवलं नाही तर एकाच कंपनीत तुमच्या दोन नोकऱ्या दिसायला लागतात आणि कोड बिघडतो. अकाउंटमध्ये आपलीच कंपनी दोनदा दिसली तर टॅक्सवाल्यांना फोन करायच्या आधी पेरोलला विचारा, बऱ्याचदा आमच्याकडूनच दुरुस्त होतं.

आणि कळकळीची विनंती, जॉइन होताना फॉर्मवर पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, मग एका ठिकाणी ते पहिल्या नावाला जोडून, दुसऱ्या ठिकाणी गाळून, तिसऱ्या ठिकाणी "सँडी", असं करू नका. पी४५ (नोकरी सोडताना मिळतो तो) आणि पी६० फेकून देऊ नका. पी६० दर वर्षी ३१ मेपर्यंत मिळायलाच हवा, नाही मिळाला तर मागा.

स्लाऊकर:
माझं छोटंसं. जॉइन होताना नंबरातले दोन आकडे उलटेपालटे टाइप झाले, पेस्लिपवर दोन वर्षं तोच चुकीचा नंबर छापून येत होता आणि मी कधी बघितलाच नाही, आपण खालचा आकडा बघतो आणि बंद करतो. दोन अक्षरं, सहा आकडे, शेवटी एक अक्षर. नऊ जागा आहेत, आज एकदा बोट ठेवून मूळ पत्राशी ताडून बघा.

नाशिकहून_परत:
मी २००३ ते २०१३ तिकडे होतो, आता नाशिकला. यूकेच्या नवीन सरकारी पेन्शनला कमीत कमी १० वर्षं भरलेली लागतात, पूर्ण मिळायला ३५. माझी बरोबर १० भरतात असं मी समजून होतो. फोरकास्टमध्ये ८. २००६-०७ आणि २००७-०८ ही दोन वर्षं कोरी, त्या वेळी मी एका छोट्या कंपनीत होतो जी पुढे बंदच पडली, तिने पगारातून कापून घेतलं पण माझ्या नावावर पोचलं नाही. ८ आणि १० मधला फरक म्हणजे काहीच नाही आणि जन्मभर थोडं तरी, यातला फरक आहे. ऑनलाइन नोकऱ्यांची यादी फक्त मागच्या पाच वर्षांची दिसते, त्यामुळे माझ्या काळातलं तिथे काहीही सापडत नाही. सगळी भिस्त कागदावर.

आणि कागद होते! परत येताना मी एक फाइल आईकडे टाकली होती, तिने ती गोदरेजच्या कपाटात घराच्या सातबाऱ्याबरोबर बांधून ठेवली. दोन्ही पी६०, एकाला चहाचा डाग, पण नंबर, रक्कम, वर्ष सगळं वाचता येतंय. स्कॅन करून पत्राबरोबर पाठवलंय, मूळ पाठवलं नाही, ते कुणीच पाठवू नका. उत्तर यायचंय. एक माहिती म्हणून सांगतो, भारतात राहून यूकेची पेन्शन घेतली तर ती दर वर्षी वाढत नाही, सुरुवातीला ठरते तीच राहते, हे धरूनच हिशेब करा.

वेम्ब्लीची_काकू:
मुलांनो, टाइप करायला वेळ लागतो मला, सांभाळून घ्या. मी १९७९ ला लग्न होऊन आले. मोठा ८१ चा, धाकटी ८४ ची. ९५ पर्यंत घरीच होते, मग शाळेच्या किचनमध्ये लागले. २०२२ ला ६६ पुरी झाली तेव्हा पेन्शन कमी का असं यांना विचारलं, हे म्हणाले तू कामच उशिरा सुरू केलंस. मलाही ते पटलं. पुढे मंडळात एक मुलगी भेटली ती म्हणाली काकू, मुलं लहान असताना चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) तुमच्या नावावर यायचं ना? यायचं, दर आठवड्याला पोस्टात जाऊन पुस्तक दाखवून मीच आणायचे. मग तुमची ती वर्षं धरायला हवीत म्हणाली.

झालं असं की २००० च्या मे महिन्याआधी चाइल्ड बेनिफिटचा अर्ज इन्शुरन्स नंबर न देताही करता यायचा. मी दिला नव्हता, मला कुठे माहिती होतं तो काय कामाचा. म्हणून पैसे माझ्या हातात आले पण माझ्या रेकॉर्डवर लागलं काहीच नाही. ती वर्षं रेकॉर्डवर लावून घ्यायला सीएफ४११ म्हणून फॉर्म आहे, तो त्या मुलीने माझ्याबरोबर बसून भरला. मुलांचे जन्मदाखले, वर्षं, तेव्हाचे पत्ते. सात महिन्यांनी पत्र आलं, १३ वर्षं धरली. एका वर्षामागे आठवड्याला साडेसहा पौंडांच्या आसपास पडले, आणि मागचेही मिळाले. पैशांपेक्षा सांगू, ती वर्षं मी बसून काढली नव्हती हे कुठेतरी लिहिलं गेलं. तुमच्या आया, सासवा, मावश्या इथे असतील तर त्यांना एवढं विचारा.

कोथरूड_क्रॉयडन:
काकू, आत्ता सासूबाईंना फोन लावला. त्याही ८३ ला इथे आलेल्या. त्यांना तर हे काही माहितीच नाही.

मँचेस्टरचा_भाचा:
मी स्टुडंट व्हिसावर आलेलो, पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या पगारात "स्टुडंट लोन प्लॅन २" (इथल्या सरकारी शिक्षणकर्जाचा हप्ता) म्हणून कपात. मी लोन घेतलंच नाही, आमच्या व्हिसावर ते मिळतच नाही, बाबांनी इचलकरंजीतल्या बँकेतून काढलंय ते वेगळं. पेरोल म्हणालं आम्हाला नोटीस आली आम्ही कापणार. शेवटी कर्ज देणाऱ्या संस्थेला व्हिसाची कॉपी आणि पेस्लिपा पाठवल्या, त्यांनी बघितलं की माझ्या नावाचं खातंच नाही, कपात थांबवायचं पत्र दिलं. चार महिन्यांचे परत मिळाले. कुणाचं लोन होतं ते कळलं नाही.

पेरोलवाली:
भाचा, छान केलंस. बाकीच्यांसाठी, अडकून पडलात तर तुमच्याबद्दल काय नोंदी आहेत त्याची पूर्ण प्रत मागायचा हक्क आहे, फुकट असतं, साधारण महिन्यात द्यावी लागते. तक्रार लेखी करा, आणि तरी हलत नसेल तर आपल्या भागाच्या खासदाराच्या ऑफिसला ईमेल करा, मतदार असा नसा. जास्त भरलेला टॅक्स ते वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मागता येतो, इथलं वर्ष ५ एप्रिलला संपतं, मार्च एंडच्या सवयीने गल्लत करू नका.

नाशिकहून_परत:
वाईकर, त्या दुसऱ्या माणसाचं पुढे काय झालं?

वाईकर:
ते मला सांगत नाहीत, आणि सांगूही नये, त्याची माहिती त्याची आहे. नोंदी वेगळ्या केल्या एवढंच पत्रात आहे. त्याच्या नावावर नीट लागल्या का ते त्यालाच बघता येईल. म्हणून इथे लिहून ठेवतो. लेस्टरच्या बाजूला कुणी असेल, जन्मतारीख १ जून, नाव आपल्याकडचं अगदी नेहमीचं, २०२१ च्या जूनला गोदामात कामाला लागलेला, तर त्याला सांगा की फोरकास्ट काढ आणि २०२१-२२ ची ओळ बघ. कोरी असेल तर मला इथे मेसेज करायला सांगा, माझ्याकडचं पत्र त्याला लागेल तेव्हा देईन.