'एटिमॉलॉजी' म्हणजे दर वेळी व्युत्पत्तीच का?

प्रश्न : लिंडली मरे यांच्या १७९५ सालच्या इंग्रजी व्याकरणात 'एटिमॉलॉजी' नावाचा मोठा भाग आहे. शब्दांची मुळं वाचायला मिळतील म्हणून उघडला, तर आर्टिकल, नाम, सर्वनाम, क्रियापदांची रूपं! व्युत्पत्तीचं प्रकरण अगदी शेवटी. असं का?

उत्तर : कारण त्या काळी एटिमॉलॉजी हे व्याकरणाच्या एका भागाचंच नाव होतं. ऑर्थोग्राफी (वर्ण आणि शुद्धलेखन), एटिमॉलॉजी, सिंटॅक्स (वाक्यरचना), प्रॉसडी (उच्चार आणि छंद) असे चार भाग पाडायचे. मरे स्वतःच सांगतात की यात शब्दांचे प्रकार, त्यांना होणारे विकार म्हणजे रूपातले बदल आणि त्यांची व्युत्पत्ती येते. आज यातल्या बऱ्याचशा भागाला आपण मॉर्फॉलॉजी, म्हणजे शब्दरूपांचा अभ्यास, म्हणतो. म्हणून जुन्या इंग्रजी पुस्तकातलं हे शीर्षक मराठीत आणताना डोळे मिटून 'व्युत्पत्ती' लिहू नये. 'शब्दविचार' हाच तिथे चपखल शब्द.

मूळ ग्रीक 'एटिमॉस' म्हणजे खरा. शब्दाच्या मुळाशी गेलं की त्याचा खरा अर्थ हाती लागतो, ही श्रद्धा नावातच आहे. रोमन वक्ता सिसेरोने 'एटिमॉलॉजी'चं लॅटिन 'वेरिलोक्वियम' असं शब्दशः भाषांतर नोंदवलं, पण त्याला ते रुचलं नाही. १७८६ मध्ये इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचा उगम एक असावा असं मांडलं. पुढे ध्वनिबदलांचे नियम सापडत गेले आणि एटिमॉलॉजी 'खऱ्या अर्था'चा शोध न राहता शब्दाचा इतिहास झाली. आजही कुणी 'मूळ अर्थ हा, म्हणून तुमचा वापर चूक' म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. तो नियम लावला तर खुद्द 'एटिमॉलॉजी'चा आजचा वापरही चूकच ठरेल.

आपल्या 'व्युत्पत्ती'चाही अर्थ एकच नाही. काव्यशास्त्रात कवीला प्रतिभा, व्युत्पत्ती, अभ्यास हवा असं म्हणतात तेव्हा व्युत्पत्ती म्हणजे बहुश्रुतता. 'व्युत्पन्न पंडित' हा प्रयोग तिथलाच.

प्रश्न : आणि 'फोक एटिमॉलॉजी'? तिचे दोन अर्थ दिसतात.

उत्तर : बरोबर. १८५२ मध्ये फ्यॉर्स्टेमान या जर्मन अभ्यासकाने 'फोक्सएटिमॉलॉगी' हा शब्द वापरला, इंग्रजी शब्द त्यावरून घडला. अनोळखी शब्द लोकांच्या तोंडी ओळखीचं रूप घेतो, ती ही प्रक्रिया. इंग्लंडात अ‍ॅस्पॅरॅगस या भाजीचं 'स्पॅरोग्रास' झालं होतं, म्हणजे चिमणीचं गवत! इथे शब्द खरोखर बदलला. पण आता शब्दामागे रचलेल्या कहाणीलाही हेच नाव देतात. 'पॉश'ची गोष्ट ऐकली असेल : हिंदुस्थानला जाताना बोटीची डावी बाजू, परतताना उजवी, म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', आणि त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर, तोच 'पॉश'. तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट पुढे आलेलं नाही आणि शब्दही या गोष्टीने तसूभर बदललेला नाही. म्हणून पहिलीला मी 'लोकव्युत्पत्ती' म्हणते आणि दुसरीला 'रचलेली व्युत्पत्ती'.