मंदीत पहिली नोकरी: कमी पगाराची घ्यावी की थांबावे?

प्रश्न

वाणिज्य शाखेची पदवी हाती येऊन आठ महिने झाले. या काळात मी सत्तरच्या आसपास अर्ज केले, चार मुलाखती दिल्या आणि एका ठिकाणी निवडीचे पत्रही मिळाले. मात्र रुजू होण्याच्या दहा दिवस आधी ‘नवी भरती तूर्त स्थगित केली आहे’ एवढ्या एका ओळीचा ईमेल आला. सध्या एका लहान कंपनीत हिशेब लिहिण्याचे काम मिळते आहे, पण पगार अपेक्षेपेक्षा बराच कमी आहे. घरच्यांचा आग्रह आणखी दोन वर्षे शिकावे असा आहे. पहिल्याच नोकरीत कमी पगार स्वीकारला तर पुढे कायम मागेच राहावे लागेल, ही भीती मनातून जात नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे भरतीचे काम पाहिले आहे, म्हणून आधी हे सांगते की त्या ईमेलवरून स्वतःची योग्यता ठरवू नका. मंदीची चाहूल लागली की बहुतेक कंपन्या असलेल्या माणसांना काढण्याआधी नवी माणसे घेणे थांबवतात आणि त्याचा पहिला फटका नव्या पदवीधरांना बसतो. तरीही भरती पूर्ण बंद कधीच होत नाही, कारण माणसे निवृत्त होतात, सोडून जातात, आणि लहान कंपनीत एक जण गेला तरी काम अडते.

अशाच एका पडत्या काळात मुलाखतीला आलेल्या एका मुलीने सरावासाठी केलेला तीन महिन्यांचा बँक ताळमेळ, म्हणजे हिशेबवहीतील नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवून पाहिलेला तक्ता, सोबत आणला होता. कोणता धनादेश कधी वटला आणि फरक कशामुळे पडला, हे तिने प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलने लिहिले होते. अनुभव शून्य असूनही आम्ही तिलाच घेतले, कारण इतरांच्या अर्जांत ‘मेहनती व जिज्ञासू’ हे शब्द होते आणि तिच्या हातात काम होते.

प्रतिसाद २

तुमची भीती निराधार नाही, पण ‘कायम’ हा शब्द मात्र खरा नाही. कॅनडातील पदवीधरांच्या कमाईचा दीर्घकाळ मागोवा घेणारा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे 9 टक्क्यांनी कमी राहिली, 5 वर्षांत ही तूट निम्म्यावर आली आणि 10 वर्षांच्या आसपास जवळजवळ संपली. ही तूट भरून निघण्यात अधिक चांगल्या कंपन्यांकडे वळण्याचा वाटा मोठा होता, म्हणून मला पगाराच्या आकड्यापेक्षा काम तुमच्या क्षेत्रातले आहे की नाही, हे महत्त्वाचे वाटते. हिशेबाचे काम तुमच्या क्षेत्रातलेच आहे, तेव्हा ते घ्या. पुढील शिक्षण त्या विषयाची खरी ओढ असेल तर जरूर करावे. केवळ मंदी टळावी म्हणून, तेही कर्ज काढून, करू नये.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी पाचांत चारांहून अधिक जणांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असल्याचे दिसले होते. जवळच्या मित्रांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. म्हणून वरच्या वर्गातील, जुजबी ओळखीच्या लोकांना लिहा, आणि थेट नोकरी न मागता त्यांच्या कामाविषयी पंधरा मिनिटे बोलायला वेळ मागा. संकोच वाटेल, पण बहुतेक जण आनंदाने बोलतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. उद्याच होकार कळवते. निकालानंतर ज्यांच्याशी बोलणेच झाले नाही अशा अकरा जणांची यादीही केली आहे. एकच शंका उरते: दुसरीकडे अर्ज किती दिवसांनी करावा?

प्रतिसाद १

महिने मोजू नका. एका आर्थिक वर्षाचा हिशेब बंद होईपर्यंत थांबा आणि लेखापरीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना वरिष्ठांच्या शेजारी बसू देण्याची विनंती करा. ते काम एकदा जवळून पाहिले की पुढच्या मुलाखतीत सांगण्यासारखे तुमच्याकडे पुष्कळ असेल.