मदत हवी आहे : एकाच बाथरूमचे दोन अंदाज, ९५ हजार आणि २ लाख ४० हजार. फरक कशाचा?

तिसरा_मजला
बाथरूम नवीन करायचं आहे. दोन ठेकेदार बघून गेले. एकाने ९५ हजार सांगितले, दुसऱ्याने २ लाख ४० हजार. दोन्ही मटेरिअलसकट. बाथरूम तेच, टाइल्सही साधारण त्याच. दुसरा लुबाडतोय की पहिला काही लपवतोय? उद्या संध्याकाळी अ‍ॅडव्हान्स द्यायचा आहे, लवकर सांगा. कुठला ब्रँड घ्यावा ते नको, फक्त फरक का ते हवंय.

लेव्हल_ट्यूब
माप किती? इमारत कधीची? लिफ्ट आहे का? खाली गळतंय का? आणि मुख्य म्हणजे सनक उघडणार की आहे त्याच फरशीवर टाइल बसवणार? हे कळल्याशिवाय आकडा महाग की स्वस्त हे कसं सांगणार?

तिसरा_मजला
७ बाय ४ फूट. पुणे, १९९४ ची इमारत, लिफ्ट नाही. खालच्यांच्या छताला ओल आहे, पण ती जुनीच आहे. सनक म्हणजे काय?

गवंडीकाम
ही ओल आधीच सांगायला हवी होती. सगळा फरक तिथेच आहे.

सनक म्हणजे बाथरूमखालचा खोलगट स्लॅब, साधारण एक फूट खोल. त्यात ड्रेनेजचे पाइप असतात, वर विटांच्या तुकड्यांची भर, त्यावर फरशी. ९५ हजारवाला बहुधा जुन्या फरशीवर अ‍ॅडेसिव्हने नवी टाइल चिकटवणार. तोडफोड नाही, आठवड्यात काम संपतं. पण पाणी झिरपतं नाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) जोडातून आणि खालच्या भरीतून, आणि तिथे त्याचा हात पोचणारच नाही. शिवाय फरशी १२-१५ मिलिमीटर वर येते. दार खालून कापावं लागतं, उंबऱ्याशी पाणी अडत नाही.

दुसरा सनक उघडत असेल तर मलबा मोजा. भिंतीची टाइल आणि मागचा माल मिळून साधारण २४ घनफूट, सनकातली भर २८ घनफूट. तोडल्यावर फुगतं, म्हणजे सत्तरएक घनफूट, ६०-७० गोण्या. तिसऱ्या मजल्यावरून खांद्यावर खाली, शिवाय टेम्पो. नवी वाळू, सिमेंट, टाइल याच जिन्याने वर.

निळी_छत्री
एवढी तोडफोड कशाला? खालच्यांच्या छतातून पीयू इंजेक्शन (भेगेत फुगणारं रसायन) मारा. दोन दिवसांत ओल बंद, एकही टाइल फुटत नाही.

गवंडीकाम
इंजेक्शनने भेग बुजते, पाणी येणं थांबत नाही. सनकात ते साचून राहतं, दुसरी वाट शोधतं, आणि मधल्या काळात स्लॅबची सळई गंजते. मोठ्या भेगेला तात्पुरतं ठीक, १९९४ च्या सनकाला नाही.

लेव्हल_ट्यूब
त्याआधी ओल कुठून येते ते तर बघा. मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवा. ठिबकणं थांबलं तर भिंतीतली पाण्याची लाइन फुटली आहे. कॉक बंद असूनही बादलीत भरून ठेवलेल्या पाण्याने आंघोळ केल्यावर वाढतं, तर फरशी नाहीतर ट्रॅप.

त्या काळात भिंतीत बहुधा जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप असायचे, आता ते आतून गंजलेले असणार. सीपीव्हीसी (प्लास्टिकचे पाइप) टाकणार असाल तर टाइल लावण्याआधी हातपंपाने दाब देऊन लाइन तपासून घ्या. काटा उतरला तर कुठेतरी जोड कच्चा आहे.

चौरस_फूट
टाइल "साधारण त्याच" म्हणता, पण किती उंचीपर्यंत? ७ बाय ४ चा घेर २२ फूट. ७ फुटांपर्यंत लावली तर दार वजा करून १३७ चौरस फूट, फरशी २८, तुटीसाठी १० टक्के धरून सुमारे १८०. छतापर्यंत म्हणजे ९ फूट लावली तर २३०. ५० चौरस फुटांचा फरक झाला की टाइल, अ‍ॅडेसिव्ह, मजुरी तिन्ही वाढतात. अ‍ॅडेसिव्हच्या २० किलोच्या पोत्यात ४५-५० चौरस फूट होतात, त्यावरून पोती मोजा.

२ बाय ४ ची टाइल मात्र या फरशीला नको. सात फुटांना एक इंच उतार द्यायचा, तर मोठी टाइल ट्रॅपकडे तिरकी कापावी लागते. १ बाय १ घ्या, मॅट.

हिशोबनीस
कोणी जीएसटी बघितला का? ९५ हजारांवर १८ टक्के म्हणजे १७,१००. तोंडी सांगितलेला आकडा एक, बिलाचा दुसरा.

चौरस_फूट
वर्षाची उलाढाल २० लाखांखाली असलेल्या ठेकेदाराला नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी लावूच शकत नाही. म्हणून तो चोर ठरत नाही.

हिशोबनीस
चोर म्हटलं नाही. "कर धरून की वेगळा" एवढं लेखी घ्या म्हटलं. शिवाय दुरुस्तीसाठी कर्ज काढणार असाल तर जुन्या करप्रणालीत व्याजावर वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट आहे.

तिसरा_मजला
कर्ज कोण काढतंय? दुसऱ्याला फोन केला. सनक उघडणार, कोबा (पाणी अडवणारा सिमेंटचा थर) आणि वॉटरप्रूफ कोटिंग धरलंय, दिवस वीस. पहिला म्हणाला, "लागलं तर उघडू, खर्च जसा होईल तसा." मग ९५ च घेऊ का?

गवंडीकाम
"लागलं तर" म्हणजे अर्धं काम झाल्यावर भाव वाढणार, तेव्हा तुम्ही त्याला काढूही शकणार नाही. खाली ओल आहे, म्हणजे लागणारच. दुसऱ्याकडून एवढं लिहून घ्या : कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर फूटभर चढवून. मग ट्रॅप बुजवून ४८ तास पाणी भरून ठेवायचं. खाली छत कोरडं दिसल्यावरच भर आणि कोबा. टाइलच्या आधी पुन्हा तसंच. वीस दिवसांतले बरेच दिवस यात आणि कोबा भिजवण्यात जातात. तिथे घाई करू नका.

चौरस_फूट
आणि मलबा ठोक नको, गोणीमागे भाव ठरवा. गोण्या खाली गेटवर मोजा, वर नाही.

निळी_छत्री
इतकं करताच आहात तर खिडकीला यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) चौकट बसवून घ्या.

तिसरा_मजला
खिडकी ठीक आहे. कॉक आज रात्री बंद करून बघतो. अ‍ॅडव्हान्स परवावर ढकलला.